मालकाचा वाटा

एलिजाकाका मेणाच्या ब्लॉकवर श्वास सोडत तेव्हा डोळे मिटून घेत. चष्मा पुसण्याआधी आपण काचेवर ‘हाऽ’ करून श्वास सोडतो, तसा. मग ते मायक्रोटोमचं, म्हणजे काप घ्यायच्या यंत्राचं, चाक एकदा फिरवत आणि मेणाचा एक काप सुरीच्या धारेवर येऊन थांबे. पुढच्या फेरीला दुसरा, पहिल्याला चिकटून. मग तिसरा. बघता बघता कापांची फीत तयार होई, इतकी हलकी की कोणी दार उघडलं तरी ती थरथरे. काका ती ब्रशच्या टोकावर उचलून कोमट पाण्यावर सोडत. पाण्याला टेकताच तिच्या सुरकुत्या आपोआप उलगडत आणि मेणाच्या मधोमध एक फिकट डाग तरंगत राही. तो डाग म्हणजे कोणाच्या तरी स्तनाचा, जिभेचा, पित्ताशयाचा तुकडा असे.

पनवेलबाहेरच्या आमच्या कॅन्सर इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर ही प्रयोगशाळा आहे. काका तिथले सर्वात जुने तंत्रज्ञ. मी तिथला डॉक्टर. त्यांनी कापलेले, रंगवलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजाराचं नाव सांगायचं, हे माझं काम. खिडकीतून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी कर्नाळ्याचा सुळका दिसतो, धूसर असेल त्या दिवशी तो तिथे आहे असं मानून चालावं लागतं. काकांची आठवण आली की मला ती खोली नेहमी धूसर दिवसातलीच दिसते. कोमट पाण्याची वाफ, मेणाचा गोडसर वास आणि पाण्यावर वाकलेली एक पांढऱ्या अर्ध्या बाह्यांची आकृती.

ते ब्लॉकशी बोलत. आधी नोंदवहीत वय बघत, मग नातं ठरवत. स्वतःपेक्षा लहान असेल तर ताई किंवा भाऊ, मोठी असेल तर आजी. “आज जरा कडक आहात, आजी,” असं म्हणून ब्लॉक बर्फावर ठेवत. “चला भाऊ, तोंड सरळ करा.” नवीन आलेल्या मुली तोंडावर हात धरून हसत. काकांना त्याचं काही वाटत नसे. “तुम्हाला नंबरने हाक मारली तर तुम्ही ओ द्याल का?” एवढंच विचारत.

कामाबद्दल बढाई मारायची त्यांची एक खास रीत होती. “काप चांगला आला की डॉक्टर हुशार ठरतात. काप वाईट आला की आजार अवघड ठरतो. आम्ही कुठेच नसतो.”

काका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनाव अलिबागकडच्या कुठल्याशा गावावरून पडलेलं, पण ते पगारपत्रकाबाहेर कोणी वापरत नसे. शुक्रवारी दुपारी तीनला ते मशीन पुसत, सुरी काढून पेटीत ठेवत आणि निघत. शनिवारी येत नसत. त्याबदल्यात रविवारी, सगळं बंद असताना, येऊन बसत. एकदा नवे प्रशासन अधिकारी आले आणि त्यांनी काकांना बोलावून घेतलं.

“शनिवारी सगळे येतात. तुम्हालाच का सूट?”

“साहेब, आमच्या लोकांना इथे शनवार तेली म्हणायचे. पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद. बैलालाही माहीत होतं.”

“पण आता तुम्ही तेल गाळत नाही.”

“नाही. मेण कापतो. तेलापेक्षा नाजूक. सहा दिवस हात चालला की सातव्या दिवशी तो स्वतःला फार हुशार समजायला लागतो. त्या दिवशी त्याला घरी ठेवलेला बरा.”

अधिकाऱ्यांनी हसून कागद बाजूला सारला. मीही तिथे होतो आणि मीही हसलो होतो. हातांबद्दल ते जे बोलले, ते मला गंमत वाटली होती.

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतला एक कातकरी माणूस एकदा बायकोचा ब्लॉक न्यायला आला. पुढच्या उपचारासाठी मुंबईच्या मोठ्या इस्पितळाने तो मागवला होता. काकांनी ब्लॉक त्याच्या हातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा तुकडा, भोवती मेण. तो माणूस बराच वेळ बघत राहिला.

“यात ती किती हाय?” त्याने विचारलं.

“पुरेशी आहे,” काका म्हणाले.

एप्रिलचं ऊन होतं. मेण वितळेल म्हणून काकांनी स्वतःच्या डब्याचा खालचा पुडा रिकामा केला, ओला रुमाल घातला, त्यात ब्लॉक ठेवला आणि डबाच त्याला दिला. “मांडीवर धरा. खिडकीशी बसू नका.” पंधरा दिवसांनी डबा परत आला. आत करवंदं होती. ती आम्ही सगळ्यांनी खाल्ली, आणि काकांनी त्या दिवशी मला त्यांचा नियम नीट सांगितला.

“डॉक्टर, ब्लॉक इस्पितळाचा नसतो. तुमचाही नाही. ज्याचं मांस त्याचा. आपण फक्त सांभाळणारे. म्हणून मी शेवटपर्यंत कधी कापत नाही. मालकाचा वाटा ठेवतो. उद्या त्याला काय लागेल, आपल्याला काय ठाऊक?”

ज्या ब्लॉकमध्ये आता फक्त तो वाटाच उरला आहे, त्याला ते पांढरा दोरा बांधत. दोरा बांधलेला ब्लॉक कोणी उघडायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी सगळे पाळत.

पित्ताशयाच्या कॅन्सरवर मी तेव्हा एक अभ्यास करत होतो. हा आजार बहुतेकदा गुपचूप येतो. खड्यांसाठी म्हणून पित्ताशय काढतात आणि तपासणीत कळतं की आत गाठ होती. मग पुन्हा मोठं ऑपरेशन. त्यानंतर सगळं साफ झालं असं वाटतं, तरी काहींचा आजार परत येतो आणि काहींचा येत नाही. कोणाचा येणार, हे आधी कळावं, एवढीच माझी इच्छा होती. गाठीच्या पेशींमध्ये काही प्रथिनं असतात. विशिष्ट रसायनाने ती तपकिरी रंगतात. रंग जितका गडद, तितकं प्रथिन जास्त. रुग्णांच्या लेखी संमतीने त्यांचे जुने ब्लॉक काढायचे, एकेक प्रथिन रंगवायचं, शून्यापासून तीनपर्यंत गुण द्यायचे, आणि पुढे कोणाचं काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. चांगलं काम होतं. आजही मला ते चांगलंच वाटतं. त्यामुळे माझी चूक लहान होत नाही.

आमच्याकडे हे रुग्ण थोडे, म्हणून एकेक ब्लॉक मोलाचा. त्यातला एक कोन गावच्या सुगंधाबाईंचा. एका प्रथिनासाठी रंगवलेला त्यांचा काप नीट रंगला नाही आणि दुसरा हवा होता. गुरुवारी मी काकांकडे गेलो तेव्हा ते त्या ब्लॉकला दोरा बांधत होते.

“या ताईंचं आता राहू द्या.”

“एकच काप, काका.”

“एक काप असं काही नसतं. ब्लॉक पुन्हा चिमट्यात बसवला की आधीचा कोन जुळत नाही. तो जुळेपर्यंत दहा-बारा काप वाया जातात. इथे तेवढंच शिल्लक आहे.”

परिषदेसाठी निबंध पाठवायची मुदत सोमवारी होती. एका रुग्णाचा एक रकाना रिकामा राहिला असता. तेवढंच. कोणाचंही काही अडलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, मी प्रयोगशाळेत आलो. काकांच्या खुर्चीवर बसलो. दोऱ्याची गाठ नखाने सोडवली. मायक्रोटोमवर मी शिकत असतानाच्या दिवसांनंतर बसलो नव्हतो. ब्लॉक चिमट्यात लावला, चाक फिरवलं, सुरी एका कडेला रुतली. कोन बदलला. आता दुसरी कडा गेली. मेणाचे कपटे मांडीवर पडत राहिले आणि मी चाक फिरवत राहिलो, कारण प्रत्येक फेरीला वाटे की आता पुढचा काप पूर्ण येईल. एक आला. शेवटचा. तो पाण्यावर सोडताना दुमडला आणि घडी बरोबर गाठीवर पडली. रंगवून पाहिला तेव्हा घडीखालचं काहीच मोजता येत नव्हतं. तो काप चढवलेली काच बाद करावी लागली.

चिमट्यात स्वच्छ, पांढरं, कुठलाही डाग नसलेलं मेण होतं.

मी त्याला परत दोरा बांधला आणि ब्लॉक कप्प्यात ठेवून दिला.

रविवारी काकांनी सुरीची धार बघितली आणि सोमवारी ते माझ्याकडे आले. “डॉक्टर, शनिवारी माझ्या मशीनवर कोणी बसलं होतं का?”

“नाही,” मी म्हणालो.

ते दाराकडे वळले. मग म्हणाले, “बरं.”

रकाना रिकामाच ठेवून मी निबंध पाठवला. दिवस गेले. प्रयोगशाळेत दिवस कसे जातात ते सांगणं कठीण आहे. पाण्यावर फिती तरंगतात, काचा वाळतात, गुलाबी आणि निळ्या रंगाचे प्रदेश डोळ्यांखालून सरकतात, खिडकीतला सुळका दिसतो आणि नाहीसा होतो. अशा वेळी आपण काय केलं आहे ते माणूस खरोखर विसरू शकतो. मी विसरलो होतो असं नाही. पण मला तसं जगता येत होतं.

दीड वर्षाने एका बुधवारी वॉर्डातून मागणीचा कागद आला. सुगंधाबाईंचा आजार परतला होता. यकृतात, पित्तनलिकेच्या अगदी जवळ. कावीळ वाढलेली, रक्त लवकर गोठत नव्हतं, त्यामुळे नवीन तुकडा काढायला सुई घालणं धोक्याचं. त्यांच्या डॉक्टरांना एक तपासणी हवी होती. गाठीत हर-टू नावाचं प्रथिन भरपूर असेल तर त्यावर नेमकं चालणारं औषध देता आलं असतं. माझ्या अभ्यासाच्या यादीत ते नव्हतं. कागदावर लिहिलं होतं: जुन्या ब्लॉकवर करावी.

काका ब्लॉक घेऊन माझ्या टेबलाशी आले. दोरा सोडलेला होता. त्यांनी तो उजेडाकडे धरला.

“यात आता ताई नाहीत,” ते म्हणाले.

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

“दोऱ्याची गाठ माझी नव्हती,” ते म्हणाले. “मी त्या रविवारीच पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“विचारलं होतं.” मग खाली बघून ते म्हणाले, “पण एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. ते माझं चुकलं.”

त्यांनी चूक वाटून घ्यावी असं मला वाटत नव्हतं. पण त्यांनी त्यांचा भाग उचलला आणि ते कामाला लागले. अभ्यासासाठी तपकिरी रंगवलेल्या काचा निरुपयोगी होत्या, तो रंग जात नाही. उरली होती निदानाच्या वेळची पहिली काच, गुलाबी-निळी. आधी आम्ही तिचे फोटो काढून ठेवले. आता तिच्यावर चिकटवलेली पातळ झाकणाची काच सोडवायची, रंग धुवायचा, तुकडा अलगद उचलून दुसऱ्या, जास्त चिकट काचेवर घ्यायचा आणि नव्याने रंगवायचा. संधी एकच. तुकडा फाटला किंवा सुटून गेला तर पुढे काही नाही.

काकांनी काच झायलीन या द्रावकाच्या बरणीत ठेवली. बुधवार गेला, गुरुवार गेला. झाकण सुटेना. शुक्रवारी तीन वाजता ते मशीन पुसू लागले तेव्हा मला राहवेना.

“कडेने सुरीचं टोक घालून बघू का?”

“नाही. ते आपलं आपण सुटेल. उद्या तुम्ही या. बसा. हात लावू नका.”

“हात लावायचा नाही तर येऊन करू काय?”

“सोबत,” काका म्हणाले आणि डबा उचलून निघाले.

त्या शनिवारी मी सकाळी नऊपासून त्या बरणीसमोर बसलो. बाकीचे बाहेरच्या दालनात काम करत होते, काकांच्या खोलीत कोणी नव्हतं. आत काच उभी होती आणि तिच्यावर एक गुलाबी डाग, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. ही बाई मी कधी पाहिली नव्हती. तिच्या पेशी मी ओळखत होतो, त्यांच्या केंद्रकांचे आकार, त्यांची गर्दी, त्या कुठून कुठे शिरल्या ते. आवाज माहीत नव्हता. दुपारी खिडकीतून ऊन आलं आणि बरणीतून पार होऊन भिंतीवर एक हलती, पाणेरी चौकट पडली. त्या चौकटीत तो डाग मोठा होऊन तरंगत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मला झोप लागली नव्हती, पण मी जागाही नव्हतो. वाटत होतं, मी कुणाच्या तरी उशाशी बसलो आहे आणि मला इथून उठायची परवानगी नाही. चारच्या सुमाराला झाकणाची काच किंचित हलली. मग ती अगदी सावकाश, पाण्यात पान उतरावं तशी, खाली उतरून तळाशी आडवी झाली. मी हात मांडीखाली दाबून धरले होते.

रविवारी काकांनी काम केलं. मी फक्त वेळ सांगत होतो. तुकडा उचलला गेला, नव्या काचेवर बसला. पण शेवटच्या गरम द्रावणात त्याचा अर्धा भाग सुटून निघून गेला. उरलेला अर्धा रंगला.

मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. माझं मत एकट्याचं नको म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवलं. दोघांचा गुण एकच आला. दोन.

शून्य किंवा एक म्हणजे नाही. तीन म्हणजे आहे. दोन म्हणजे ठरवता येत नाही, आणखी एका कापावर वेगळी तपासणी करा. तो आणखी एक काप मी दीड वर्षापूर्वी मांडीवरून झटकून टाकला होता.

मी इस्पितळाला सगळं लेखी दिलं. काका म्हणाले, “कागद झाला. आता घरी जाऊन सांगा. मी येतो बरोबर.”

कोनला रस्त्याकडेला आता उंच इमारती आहेत. त्यांच्या मागे सुगंधाबाईंचं घर, पुढे ओटी. त्या गाऊनवर टॉवेल घेऊन बसल्या होत्या. डोळे हळदीसारखे पिवळे. त्यांचा मुलगा नितेश एक्सप्रेसवेवर टोचनची गाडी चालवतो, तो नुकताच ड्युटीवरून आला होता. मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही. दोरा, शनिवार, ‘नाही’ म्हणालो ते, सगळं.

“मंग आता काय, सॉरी बोलाया आलाव?” नितेश म्हणाला. “केस टाकू आमी.”

“टाका. मी लिहून दिलेलं आहे. त्याची प्रत तुम्हाला आणली आहे.”

“नितेश,” सुगंधाबाई म्हणाल्या, “खुर्ची आन. एकच आन.” खुर्ची आली. त्या काकांना म्हणाल्या, “दादा, तुमी बसा. याला उभा ऱ्हाऊ दे.”

काका बसले. सुनेने चहा आणला, एकच कप. मी उभा राहिलो.

“त्या तुकड्यानी कोनाचा भला झाला का?” त्यांनी मला विचारलं.

“नाही. काप दुमडला. मोजता आला नाही.”

“म्हंजे उगाच गेला.”

“हो.”

“मी चिंबोरी साफ करतंय ना,” त्या म्हणाल्या, “तवा नांगी पन टाकत नाय. तू तं अख्खी बाय टाकलीस.”

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, ते माझ्या बाजूने काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “खरं आहे, ताई.”

नितेशने विचारलं, दुसरा तुकडा काढता येईल का. मी सांगितलं, आधी नलिकेत नळी घालून कावीळ उतरवावी लागेल, रक्त सुधारलं तर सुई घालता येईल, धोका राहीलच, नाही म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

“कापनार कोन?” सुगंधाबाई म्हणाल्या. “ह्यो?”

“मी कापेन,” काका म्हणाले. “पण पुढच्या महिन्यात माझं तिकीट आहे. इस्रायलला, मुलीकडे. नोकरी संपली माझी.”

“मंग माजा पिवला लवकर उतरला पायजे,” त्या म्हणाल्या आणि प्रथमच हसल्या. “जा, घे बोलून त्या डॉक्टरांशी. आनि पोरा, चहा नाय दिला म्हनून घरी जाऊन रडू नको.”

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

नळी बसली. डोळ्यांतला पिवळा रंग उतरत गेला. तीन आठवड्यांनी सुई झाली आणि सुतासारखा एक तुकडा आमच्याकडे आला. काकांनी तो मेणात बसवला, बर्फावर ठेवला, डोळे मिटून त्यावर श्वास सोडला. लागणारे सगळे काप त्यांनी एकाच बैठकीत घेतले, म्हणजे पुन्हा बसवताना काही वाया जायला नको. अर्ध्याहून जास्त ब्लॉक शिल्लक राहिला. त्यांच्या हातून पाण्यावर उतरलेली ती फीत मी आजवर पाहिलेली सर्वात सुंदर फीत होती, असं मला वाटतं. कदाचित तेव्हा माझी नजरच तशी झाली असेल.

रंगवलेली काच मी पाहिली. दुसऱ्या डॉक्टरांनीही पाहिली. तपकिरी काहीच नव्हतं. सगळं निळं. शून्य.

म्हणजे ते औषध सुगंधाबाईंच्या गाठीवर बहुधा चाललंच नसतं. मी खुर्चीत मागे टेकलो. मला हायसं वाटलं. एका बाईला एक औषध मिळणार नाही हे कळल्यावर मला हायसं वाटलं. मी आजवर जे काही केलं, त्यात याची लाज मला सर्वात जास्त वाटते, त्या शनिवारापेक्षाही.

काका दारात उभे होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “निकाल त्यांचा आहे. तुमचा नाही.”

आवाजात राग नव्हता. एखाद्याने दुसऱ्याची छत्री चुकून उचलली तर आपण जसं सांगू, तसं त्यांनी सांगितलं. मी खुर्चीत नीट बसलो आणि अहवाल लिहिला.

सुगंधाबाईंना दुसरी औषधं सुरू झाली. त्या औषधांनी किती दिवस दिले आणि ते कसे गेले, हे सांगायचा अधिकार नितेशचा आहे. मी त्यांच्याबद्दल फक्त आणखी एक गोष्ट सांगू शकतो, कारण ती माझ्यासमोर घडली.

काकांच्या शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि नितेशच्या हाताला धरून त्या आत आल्या. औषधाच्या सुईसाठी आल्या होत्या, तिथून लिफ्टने वर.

“दादा, माजा तुकडा मला दावा,” त्या म्हणाल्या. “सगले बघतात. मीच नाय बघला.”

इतक्या वर्षांत हे कोणी मागितलं नव्हतं. काकांनी खुर्ची ओढली, तिची उंची खाली केली, सूक्ष्मदर्शकाच्या नळ्या रुमालाने पुसल्या. त्या वाकल्या, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितला, मग दोन्ही उघडले.

“काय दिसतं?” काकांनी विचारलं.

“पानी.”

“आणखी?”

त्या आणखी वाकल्या. “उधानाला बांध फुटला ना, का खाडीचा पानी भातात शिरतं. सकाली बघाया गेला तर असाच दिसतं. सगला निला, आनि मधे रोपांचे शेंडे.” त्यांनी डोळा काढला नाही. “जासईला माज्या बापाचा शेत हुता. आता तिथं कंटेनर हायत. पन ह्यो त्योच हाय.”

नितेश काहीतरी बोलणार होता. काकांनी हाताने त्याला थांबवलं.

“पुढं जाता येतं का?” सुगंधाबाईंनी विचारलं.

“येतं. कुठे जायचंय?”

“घराकडं. उजवीकडनं.”

सूक्ष्मदर्शकात उजवीकडे जायचं तर काच डावीकडे सरकवावी लागते. काका त्यांच्या मागे वाकून उभे राहिले, खांद्यावरून हात पुढे घेऊन त्यांनी अंगठा आणि बोट चाकावर ठेवलं आणि ते ती काच डावीकडे सरकवू लागले, केसभर, मग आणखी केसभर. मी दारापाशी होतो. खिडकीत त्या दिवशी सुळका दिसत नव्हता. काकांना मी त्यानंतर पुन्हा पाहिलं असेल, निरोपाचा चहा झाला, हार घातला गेला, पण त्यातलं मला काही आठवत नाही. मला ते तिथेच दिसतात, श्वास रोखून, एका बाईला पाण्यातल्या बांधावरून नेताना.

“हळू, दादा. निसरडा हाय.”

“हळूच नेतोय, ताई. तुम्ही बघत राहा.”